चाक कोणाच्या हाती? न्यूझीलंडचा दीर्घ प्रवास : कॅम्परव्हॅन की बस

मुलगा किंवा मुलगी ऑकलंडला अथवा क्राइस्टचर्चला स्थायिक झाली, की कधी ना कधी आईवडिलांचे तिकडे जाणे होते. पहिले काही दिवस घर, नातवंडे आणि आसपासचा परिसर यांत सरतात. मग दक्षिण बेटाच्या सहलीचा विषय निघतो आणि तेथेच पहिला मतभेद उद्भवतो. तरुणांना कॅम्परव्हॅन हवी असते : झोपण्याची जागा, शेगडी, फ्रिज आणि शौचालय पोटात घेऊन फिरणारी गाडी, जणू चाकांवरचे बिऱ्हाड. ज्येष्ठांना बसचे आरक्षण करून निश्चिंत व्हावेसे वाटते. एक पक्ष स्वातंत्र्याची बाजू मांडतो, दुसरा सोयीची. दोन्ही बाजूंनी रकमा पुढे केल्या जातात. परंतु ज्या प्रश्नावर सारा निर्णय अवलंबून असतो, तो बहुधा विचारलाच जात नाही : गाडी चालवणार कोण, आणि असे किती जण आहेत?

अंतरांचा अंदाज

न्यूझीलंड नकाशावर चिमुकले दिसते. प्रत्यक्षात ते चांगलेच लांबट आहे. ऑकलंड ते वेलिंग्टन हे अंतर सुमारे ६५० किलोमीटर. तेथून कुकच्या सामुद्रधुनीतून मोठ्या फेरीबोटीने पिक्टनला पोहोचण्यास साधारण साडेतीन तास लागतात आणि पिक्टनहून क्राइस्टचर्च आणखी ३४० किलोमीटरवर आहे. म्हणूनच अनेक कुटुंबे उत्तर बेटावरून विमानाने क्राइस्टचर्च गाठतात आणि खरा प्रवास तेथून सुरू करतात.

दक्षिण बेटाची प्रचलित परिक्रमा अशी : क्राइस्टचर्चहून टेकापो सरोवर, ३,७२४ मीटर उंचीचा आओराकी अर्थात माउंट कुक, क्वीन्सटाउन, ते अनाऊ, मिलफर्ड साउंड, वानाका, हास्टची खिंड, फॉक्स व फ्रांझ जोसेफ या हिमनद्या, ग्रेमाउथ आणि आर्थर्स पासमार्गे परत क्राइस्टचर्च. हे सारे अंतर सुमारे २,००० किलोमीटर भरते. त्यासाठी दोन आठवडे ठेवले तर रोजची सरासरी दीडशे किलोमीटरही पडत नाही. हा आकडा मात्र फसवा आहे. काही दिवस गाडी जागची हलत नाही, तर काही दिवशी वानाका ते फ्रांझ जोसेफ असा २८५ किलोमीटरचा वळणावळणाचा पल्ला एका दमात गाठावा लागतो. त्यास न थांबता चार तास लागतात. थांबत, पाहत गेल्यास सारा दिवस जातो.

जमाखर्चाची बाजू

हिशेबाच्या दृष्टीने पाहता या दोन पर्यायांच्या खर्चाची जातकुळीच निराळी आहे. कॅम्परव्हॅनचा बहुतांश खर्च स्थिर असतो. गाडीत दोघे बसोत की चौघे, भाडे, विमा आणि इंधन तेवढेच. याउलट बसचा खर्च माणशी वाढत जातो. त्यामुळे ‘स्वस्त काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी गृहीत धरले आहेत. प्रत्यक्ष दर हंगामाप्रमाणे पुष्कळ बदलतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या तेथील उन्हाळ्यात ते सर्वाधिक असतात. समजा, १४ दिवसांसाठी चौघांची कॅम्परव्हॅन रोज १८० न्यूझीलंड डॉलरने घेतली, तर भाडे २,५२० डॉलर. जादा विमा रोज ४० डॉलर धरल्यास ५६० डॉलर. २,००० किलोमीटरचे डिझेल व रस्ता-कर मिळून ६४० डॉलर. एकूण स्थिर खर्च ३,७२० डॉलर. शिवाय १३ रात्री गाडी उभी करण्याच्या जागेचे माणशी २५ डॉलरप्रमाणे प्रत्येकी ३२५ डॉलर.

बसच्या बाजूस, परिक्रमेची तिकिटे माणशी ४५० डॉलर, दोघांच्या खोलीचे रोज १५० डॉलरप्रमाणे १३ रात्रींचे माणशी ९७५ डॉलर आणि बस जेथे जात नाही अशा ठिकाणच्या स्थानिक सहलींचे माणशी २५० डॉलर धरू. बेरीज माणशी १,६७५ डॉलर.

आता तुलना पाहावी. दोघांसाठी कॅम्परव्हॅनचा खर्च ४,३७० डॉलर, तर बसचा ३,३५० डॉलर; बस हजार डॉलरने स्वस्त. दोघांनी लहान गाडी घेतली तर हे अंतर कमी होईल, पण सहसा पूर्ण मिटणार नाही. तिघांसाठी, तिसऱ्याची खाट त्याच माणशी दराने धरल्यास, ४,६९५ विरुद्ध ५,०२५. तराजू जवळपास समतोल. चौघांसाठी मात्र ५,०२० विरुद्ध ६,७००, म्हणजे कॅम्परव्हॅन १,६८० डॉलरने स्वस्त. आकडे बदलतील, पण त्यांचा कल बहुधा हाच राहील : माणसे वाढली की कॅम्परव्हॅन परवडू लागते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण या गाडीला दोन्ही अर्थांनी लागू पडते.

या हिशेबात काही कलमे नजरेतून सुटतात. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या वाहनांचा रस्ता-कर पंपावरील दरात समाविष्ट नसतो. तो कापलेल्या अंतरानुसार निराळा भरावा लागतो आणि भाड्याच्या गाडीवर तो ग्राहकाकडून वसूल होतो. पंपावरचा डिझेलचा स्वस्त दर पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. दुसरे कलम विम्याचे. साध्या विम्यात अपघात झाल्यास पहिली मोठी रक्कम, बहुधा काही हजार डॉलर, ग्राहकानेच सोसायची असते. तेवढी रक्कम आधीच क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाते. भारतीय कार्डाची मर्यादा आणि परकीय चलनावरील आकार यांचा विचार प्रवासापूर्वीच करावा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅनियनसारख्या काही रस्त्यांवर भाड्याची गाडी नेण्यास करारानेच मनाई असते. तेथे गेल्यास विमा निरुपयोगी ठरतो. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचा आकार आणि फेरीबोटीचे वाहनाच्या लांबीनुसार ठरणारे भाडे ही आणखी दोन कलमे. करारपत्र सही करण्यापूर्वी वाचण्याची सवय येथे खरोखर पैसे वाचवते.

हिशेबात न येणारा खर्च

एवढा सारा हिशेब मांडल्यावरही एक खर्च कोणत्याही रकान्यात येत नाही, तो म्हणजे चालकाचा. बसच्या तिकिटात चालकाचे श्रम समाविष्ट असतात. कॅम्परव्हॅनमध्ये ते घरातील कोणीतरी विनामूल्य करतो, म्हणून ते कागदावर दिसत नाहीत.

न्यूझीलंडचा कायदा बसचालकाच्या थकव्याचा विचार करतो. साडेपाच तासांच्या कामानंतर त्याला किमान अर्ध्या तासाची विश्रांती घ्यावीच लागते आणि २४ तासांत १३ तासांहून अधिक काम करता येत नाही. नोंदवही ठेवणे, ती तपासली जाणे हे सारे ओघाने आलेच. आईवडिलांना फिरवायला निघालेल्या मुलाला असे कोणतेही बंधन नाही. तो आठवडाभर नोकरी करून, शुक्रवारी रात्री सामान बांधून शनिवारी पहाटे चाकामागे बसतो आणि ‘दमलास का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर देतो. भारतातून नुकतेच उतरलेल्या पाहुण्याने गाडी चालवायची ठरवल्यास प्रश्न आणखी बिकट होतो. दोन देशांच्या घड्याळांत साडेसहा तासांचे, तेथील उन्हाळ्यात साडेसात तासांचे अंतर असते. तेथील दुपार ही शरीराच्या लेखी भल्या पहाटेची वेळ असते. पोहोचल्या दिवशी गाडी ताब्यात न घेता एक-दोन रात्रींची झोप पूर्ण करणे हा तेथील सर्वमान्य सल्ला आहे.

वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून भारतीयांना तेथे सोपे जाते असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. खुल्या रस्त्यावर वेगमर्यादा साधारणतः ताशी १०० किलोमीटर असते. साडेतीन टनांहून जड वाहनांसाठी ती ९० आहे. ही मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. बहुतांश रस्ते दुपदरी, दुभाजकाविना आणि वळणांचे आहेत. एका वेळी एकच वाहन जाईल असे पूल वारंवार लागतात. गोल फलकावर आपल्या दिशेचा बाण लाल आणि लहान दाखवला असेल, तर समोरून येणाऱ्यास आधी वाट द्यायची असते. त्यात चौघांची कॅम्परव्हॅन सात मीटरच्या आसपास लांब आणि तीन मीटरहून उंच असते. वाऱ्याच्या झोताने ती हलते, वळताना जास्त जागा मागते आणि मागे घेताना कोणीतरी खाली उतरून उभे राहावे लागते.

परवान्याची अडचण सहसा येत नाही. इंग्रजीत छापलेला वैध भारतीय परवाना पर्यटकाला चालतो, नसल्यास आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. तथापि परवाना असणे आणि सराव असणे या भिन्न गोष्टी होत.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चालत्या कॅम्परव्हॅनमध्ये आई मागे चहा टाकते आणि वडील पलंगावर आडवे होतात, असे चित्र अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात गाडी चालू असताना सर्वांनी आसनावर पट्टा बांधून बसणे बंधनकारक आहे. मागील आसनांच्या खिडक्या पुष्कळदा लहान असतात, त्यामुळे समोरचा देखावा चालक आणि त्याच्या शेजारचा यांनाच पुरता दिसतो. आणि चालकाने तर रस्ता पाहायचा असतो. उंच आसनाच्या, मोठ्या काचांच्या बसमधून तोच देखावा सर्वांना सारखा दिसतो.

मुक्काम आणि नित्यकर्मे

‘वाटेल तेथे गाडी उभी करून झोपावे’ ही कल्पना आता इतिहासजमा झाली आहे. सार्वजनिक जागेवरील अशा मुक्कामासाठी २०११ मध्ये कायदा झाला आणि २०२३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. ‘स्वयंपूर्ण’ असा दाखला मिळण्यासाठी गाडीत कायमचे बसवलेले शौचालय असावे लागते. पाणी आणि सांडपाण्याची सोय गाडीतील माणसांना तीन दिवस पुरेल इतकी असावी लागते. दाखला असला तरी प्रत्येक नगरपरिषदेचे नियम वेगळे असतात आणि नियमभंगास दंड होतो. निसर्गसंवर्धन खात्याची साधी मुक्कामस्थाने स्वस्त व रम्य असतात. ‘हॉलिडे पार्क’ नावाच्या खाजगी तळांवर वीज, गरम पाण्याची न्हाणीघरे, कपडे धुण्याची यंत्रे आणि सामाईक स्वयंपाकघर मिळते. ज्येष्ठ सोबत असल्यास हॉलिडे पार्कचाच खर्च धरावा, हे शहाणपणाचे.

बिऱ्हाड म्हटले की बिऱ्हाडाची कामेही आली. पाण्याची टाकी भरणे, सांडपाणी ठराविक जागीच सोडणे, शौचालयाची पेटी रिकामी करून धुणे, रोज रात्री बैठक मोडून पलंग करणे आणि सकाळी पुन्हा बैठक मांडणे. वरच्या पलंगावर शिडीने चढावे लागते. खालच्या पलंगावरून रात्री उठताना शेजाऱ्याची झोपमोड होते. गुडघ्यांच्या तक्रारी, मधुमेह किंवा रात्री वारंवार उठण्याची गरज असणाऱ्यांनी गाडी भाड्याने घेण्यापूर्वी तिच्यात एकदा आडवे होऊन पाहावे. छायाचित्रावरून हे कळत नाही.

बसच्या प्रवाशाला ही कामे नाहीत, पण त्याची वेगळी गैरसोय असते. दर दोन दिवसांनी सामान उचलायचे, थांब्यापासून मुक्कामापर्यंत चालायचे आणि वेळापत्रकाचे गुलाम व्हायचे. अनेक मार्गांवर दिवसाला एक-दोनच गाड्या असतात. एक चुकली तर दिवस गेला. मिलफर्ड साउंडला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे आज ढग आहेत म्हणून उद्या जाऊ, असे म्हणण्याची मुभा कॅम्परव्हॅनला असते, आधी आरक्षण केलेल्या बसला नसते. टेकापो परिसराला २०१२ पासून संरक्षित ‘काळोख्या आकाशा’चा दर्जा आहे. तेथे मध्यरात्री गाडीचे दार उघडून आकाशगंगा पाहणे हा बिऱ्हाडाचा खरा लाभ होय.

स्वयंपाकघराचा प्रश्न

कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांत कॅम्परव्हॅनचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे तिचे स्वयंपाकघर. कांदा, लसूण, बटाटा नसलेले जेवण क्वीन्सटाउनमध्ये समजावून सांगून मिळेलही. हास्ट किंवा फ्रांझ जोसेफसारख्या लहान वस्तीत ते अवघड आहे. डिसेंबरअखेर दक्षिणेत सूर्य रात्री नवाच्या पुढे मावळतो, त्यामुळे वेळेची ओढाताण होत नाही. जूनमध्ये मात्र पाचच्या सुमारासच अंधार पडतो. त्या दिवसांत सायंकाळी सहाला पोहोचणारी बस उपयोगाची नाही.

तरीही स्वयंपाकघर केवळ कॅम्परव्हॅनमध्येच मिळते, हा समज खरा नाही. हॉलिडे पार्कमधील खोल्या आणि अनेक मोटेलांच्या खोल्या ओटा, शेगडी, भांड्यांसह मिळतात. बसच्या प्रवाशाने असे मुक्काम निवडले, मोठ्या गावातून डाळ, तांदूळ, पीठ घेतले आणि दुपारचा डबा सकाळीच भरून घेतला, तर त्याचेही नियम निभावतात. घरून नेलेले खाकरे, चटण्या, मसाले विमानतळावरील अर्जात नोंदवणे सक्तीचे आहे. न नोंदवलेल्या जोखमीच्या पदार्थांसाठी जागीच ४०० डॉलर दंड होतो. मध नेऊ नये. ताजी फळे विमानातच संपवावीत.

मधला मार्ग

हा निर्णय ‘हे किंवा ते’ असा घेण्याची सक्ती कोणी केलेली नाही. कंटाळवाणे किंवा कठीण पल्ले दुसऱ्याच्या हाती सोपवावेत आणि रमण्याच्या जागी आपली गाडी ठेवावी, अशी विभागणी उत्तम ठरते. क्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ हा २२३ किलोमीटरचा आल्प्स ओलांडणारा प्रवास ‘ट्रान्झअल्पाइन’ या रेल्वेने सुमारे पाच तासांत होतो. त्यात चालकालाही खिडकी मिळते. क्वीन्सटाउनहून मिलफर्डला जाऊन येणे म्हणजे एका दिवसात सुमारे ५८० किलोमीटर. कॅम्परव्हॅन असली तरी ती ते अनाऊच्या तळावर उभी करून पुढचे १२० किलोमीटर बसने जावे. त्या रस्त्यावर चढउतार आणि १९५४ मध्ये खुला झालेला होमर बोगदा आहे, हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याची भीती असते आणि मोठ्या टप्प्यात मोबाइलही चालत नाही. संपूर्ण परिक्रमेऐवजी टेकापो, आओराकी आणि वानाका या निवांत पट्ट्यात चार-पाच दिवसच कॅम्परव्हॅन घेतली, तर नवलाई संपण्यापूर्वी आणि थकवा येण्यापूर्वी ती परत करता येते.

निर्णयाची रीत

म्हणून प्रश्न योग्य क्रमाने विचारावेत. पहिला, मनापासून तयार आणि विश्रांती घेतलेले चालक किती? दुसरा, प्रवासी किती? तिसरा, दिवस किती? दोन चालक, चार प्रवासी आणि किमान दहा दिवस असतील, तर कॅम्परव्हॅन खर्चानेही आणि आनंदानेही सरस ठरते. दोघांनी दर दीड-दोन तासांनी चाक बदलावे आणि अंधार पडण्यापूर्वी तळ गाठावा. केवळ ज्येष्ठ दांपत्य असेल, तर बस निःसंशय योग्य. तीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. चालक एकच आणि प्रवासी तीन-चार असतील, तेव्हा मात्र हिशेब कॅम्परव्हॅनकडे झुकलेला दिसतो आणि घराघरांत चूक होते ती नेमकी येथेच. कागदावर वाचलेले हजार-दीड हजार डॉलर प्रत्यक्षात त्या एका माणसाच्या सुट्टीतून वजा झालेले असतात.

वर्षभर काम करून दोन आठवड्यांची रजा मिळवलेला मुलगा किंवा सून हीदेखील त्या सहलीची प्रवासी आहेत. आओराकीचे शिखर ढगांतून बाहेर येईल तेव्हा त्यांनाही मान वर करून पाहता आले पाहिजे. कोणताही पर्याय निवडताना आईवडिलांनी एवढे विचारावे. मुले स्वतःहून हे सांगणार नाहीत.